नसलेल्या बाळाची गोधडी

माझा मुलगा सोरेन आठ महिन्यांचा झाला तेव्हा माझं पोट अजून पाचव्या महिन्यातच होतं.

सकाळी जरा बरं असायचं. दुपारनंतर मात्र, काही खाल्लेलं असो वा नसो, ते बेंबीपाशी पुढे यायला लागायचं आणि संध्याकाळी कोटाची मधली बटणं लागायची नाहीत. बाकी अंग होतं तसं झालं होतं, हातपाय तर आधीपेक्षा वाळलेच होते. फक्त पोटालाच बाळंत झाल्याची बातमी कुणी कळवली नव्हती. आमच्या गावात कुणी कुणाच्या अंगाबद्दल बोलत नाही. वर्षाचे निम्मे महिने सगळे जाड कोटांत असतात, त्यामुळे बोलण्याची पाळीही येत नाही.

पण चर्चच्या तळघरात कोट काढावा लागतो.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांत, लेंटमध्ये, दर बुधवारी प्रार्थनेच्या आधी तळघरात सगळ्यांसाठी सूप असतं. पहिल्या बुधवारी सूप नेहमीप्रमाणे मिसेस सोलबर्गचं होतं, वाटाण्याचं. त्यांचं नाव आर्डिस, आणि सारं गाव त्यांना आर्डिसच म्हणतं. पण मी आठ वर्षांची असताना त्यांनी मला रविवारच्या शाळेत शिकवलंय, त्यामुळे लग्न झालं, मूल झालं, तरी माझ्या तोंडातून मिसेस सोलबर्गच येतं. मी सोरेनला एका कडेवर घेऊन रांगेत उभी होते. माझी पाळी आली तशी त्यांनी वाडग्याकडे बघायचं सोडून चष्म्यावरून माझ्या पोटाकडे बघितलं. पळी पातेल्यात सोडली. हात ॲप्रनला पुसला आणि तळवा सपाट माझ्या पोटावर ठेवला.

"ब्रिटा! अगं पोरी, इतक्यात?"

नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो. पण त्यांच्या मागे लव्हॉन ब्रेड कापत होत्या आणि माझ्या मागे ऑर्विल आणि निम्मं गाव वाडगे घेऊन उभं होतं. मी नाही म्हटलं असतं तर मिसेस सोलबर्गना त्या सगळ्यांच्या देखत तो हात मागे घ्यावा लागला असता. आमच्याकडे माणसाला असं उघडं पाडत नाहीत. सूप खारट झालं तर "जरा वेगळं लागतंय" म्हणत तळापर्यंत संपवतात, आणि वर आणखी घेतात.

"अजून… सांगण्यासारखं काही नाही," मी म्हणाले आणि हसले.

त्या हसण्यानं घात केला. मिसेस सोलबर्गनी पळीनं पातेल्याची कड वाजवली. "अहो, ऐका! सोरेनला भावंड येतंय!"

टाळ्या झाल्या. "कर्टला म्हणावं," मागून ऑर्विल म्हणाला, "यंदाचा हिवाळा फारच लांबलेला दिसतोय!" सगळे हसले. मीही हसले. कानाच्या पाळ्यांपर्यंत तापले होते, पण हसले.

माझा नवरा कर्ट तेव्हा गोठलेल्या तळ्यावर होता. बर्फ पातळ व्हायच्या आत मासेमारीची खोपटी ओढून काठावर आणायची होती. घरी आल्यावर त्याला सांगितलं तर तो भिंतीला टेकून हसला. "त्यात काय? बुधवारी सांगून टाक, गैरसमज झाला म्हणावं. इतकं सोपं."

शनिवारी तो हार्डवेअरच्या दुकानातून आला आणि टोपी काढून दारातच उभा राहिला.

"ऑर्विल भेटला. अभिनंदन म्हणाला."

"मग? तू काय म्हणालास?"

तो बूट बघत राहिला. "थँक्यू म्हणालो."

"कर्ट!"

"सगळे होते गं तिथे."

आता आम्ही दोघंही खोटे झालो होतो, आणि त्यात सोरेन मध्येच टाळ्या वाजवत होता, तळघरात शिकून आला होता त्या.

मग माझ्या डोक्यात आलं की पोटच गेलं तर बोलणंही आपोआप जाईल. गेलं तर कसं जाईल, लोक काय समजतील, याचा विचार मी केला नाही. कॉलेजात मी जीवशास्त्र घेतलं होतं. पेशी, ऊती, सगळं पाठ होतं. आणि मी फोनवर 'सपाट पोट लवकर' असं शोधत होते.

जे सापडलं त्यात इतके व्यायाम होते की निवडणं अशक्य. "निवडायचंय काय?" कर्ट म्हणाला. शाळेत असताना तो हॉकी खेळायचा. "जो सगळ्यात जास्त जाळतो तो सगळ्यात चांगला. आमचे कोच असंच म्हणायचे." त्यानं मला सोफ्याखाली पाय अडकवून सिट-अप्स करायला लावले. मग पाठीवर पडून दोन्ही पाय सरळ वर उचलायचे आणि जमिनीला न टेकवता खाली आणायचे. मग हवेतली सायकल. सोरेन झोपला की मी सतरंजीवर. मध्ये मध्ये उठून त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघून यायचे, पुन्हा सतरंजीवर.

डोकं उचललं की पोटाच्या मधोमध, बरगड्यांपासून बेंबीच्या खालपर्यंत, एक उंचवटा उभा राहायचा. लांबट, भट्टीत फुगलेल्या पावासारखा. मी कर्टला बोलावून तो दाखवला. "बघ, स्नायू यायला लागला!"

"बघ, म्हटलं नव्हतं?" तो म्हणाला. त्यानं त्या उंचवट्यावर टिचकीसुद्धा मारली.

तिसऱ्या बुधवारी पोट कमी झालं नव्हतं, वाढलं होतं.

"मुलगी आहे," लव्हॉन म्हणाल्या. "पुढे आलंय म्हणजे मुलगीच." त्यांनी मला खुर्ची दिली, पाठीशी उशी दिली आणि वाडगा पुन्हा भरला. मी नको म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर आमच्याकडे नको म्हणायचं नसतं. "दोन जिवांची आहेस तू आता," त्या म्हणाल्या. मी दोन जिवांचं सूप प्याले.

मग त्यांनी गोधडीचा विषय काढला.

आमच्या चर्चमधल्या घरांत जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला गोधडी मिळते. लव्हॉन आणि इतर बायका तुकडे जोडून ती शिवतात, पण लोकरीच्या धाग्यांची टोकं मोकळी ठेवतात. सगळे जमतात तेव्हा, लेंट असेल तर शेवटच्या सूपच्या बुधवारी, ती लांब टेबलावर पसरतात, आणि एकेक जण येऊन एकेक गाठ मारतो. गाठ मारताना बाळासाठी प्रार्थना करायची. म्हातारे, पोरं, सगळे. सोरेनची गोधडी त्याच्या पाळण्यात आहे. कुठली गाठ कुणाची ते मला माहीत आहे. ऑर्विलची सारखी सुटते.

"रंग कुठला हवा?" लव्हॉननी विचारलं.

"कुठलाही चालेल," मी म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. त्यात मी नेमकी शिंकले, आणि शिंकताना थोडी ओली झाले. उशी घेऊन तशीच बसून राहिले, सगळे प्रार्थनेला वर जाईपर्यंत.

त्या शिंकेमुळे मी फिजिओथेरपिस्टकडे गेले. गावातल्या दवाखान्यात नाही. तासभर गाडी चालवून मोठ्या शहरात, जिथे मला कुणी ओळखत नव्हतं. रोक्सॅन नावाची पन्नाशीची बाई होती. मला पाठीवर झोपवलं, गुडघे दुमडायला लावले, आणि विचारून मग बोटं बेंबीच्या वर ठेवली.

"आता डोकं थोडं उचल."

मी उचललं. पाव वर आला. तिची तीन बोटं त्या पावात शेजारी शेजारी खाली गेली, जशी मऊ लोण्यात जावीत. हे मला वरून दिसत होतं आणि आतून कळत होतं.

"गरोदरपणात दोन्ही बाजूंचे स्नायू एकमेकांपासून सरकलेत," ती म्हणाली. "मधला पट्टा ताणून सैल झालाय. खूप जणींचं होतं. सध्या काही व्यायाम करतेस?"

मी जरा अभिमानानंच यादी सांगितली. ती छताकडे बघत राहिली.

"कुणी सांगितले हे?"

"नवऱ्यानं. तो हॉकी खेळायचा."

"अच्छा. त्याला किती बाळंतपणं झाली?"

मला हसू आलं आणि मग एकदम रडू आलं. तिनं टिश्यूचा डबा पुढे केला, तोही नेहमीच्या सवयीनं, न बघता.

"हे बघ," ती म्हणाली. "जळतंय किती, दुखतंय किती, यावर व्यायाम निवडायचा नाही. करताना मधल्या रेघेकडे बघायचं. ती वर फुगली तर तो व्यायाम आज तुझा नाही. कुणाचाही असू दे, तुझा नाही. तू ज्याला स्नायू म्हणत होतीस ना, ती फट होती. तू रोज ती ढकलून रुंद करत होतीस."

मग तिनं माझे व्यायाम दाखवले. ते इतके साधे होते की मला अपमान वाटला. श्वास सोडायचा आणि सोडताना पोटाचा खालचा भाग आत घ्यायचा, तंग पँटची चेन लावताना घेतो तसा. ते धरून एक टाच जमिनीवरून सरकवत लांब न्यायची, परत आणायची. मग दुसरी. मग हातागुडघ्यांवर येऊन तेच, एक हात पुढे. ते नीट जमलं की मग कुशीवर, कोपरावर अंग तोलून. आणि अंथरुणातून उठताना सरळ उठायचं नाही, कुशीवर वळून उठायचं.

"किती दिवसांत जाईल?" मी विचारलं.

"महिने म्हण. पूर्ण जाईलच असंही नाही. पण शिंकता येईल."

मला शेवटच्या, गोधडीच्या बुधवारपर्यंत हवं होतं.

परतताना दोन्ही बाजूंना मळकं बर्फ होतं आणि मागे सोरेन झोपला होता. मी आरशातून त्याची छाती हलते का बघत होते, आणि तेव्हा मला दुसरा मार्ग सुचला. म्हणायचं, गेलं. राहिलं नाही. कुणी काही विचारणार नाही. आमच्याकडे त्याबद्दल विचारत नाहीत. लोक दाराशी हॉटडिश ठेवतील, खिमा-भाज्यांवर बटाटे लावून ओव्हनमध्ये भाजलेली, भांड्याच्या बुडाला आपल्या नावाची पट्टी चिकटवून, आणि जातील. गोधडी कपाटात जाईल. मिसेस सोलबर्गचा हात चुकीचा ठरणार नाही, आणि मी खोटी ठरणार नाही.

हे मी झोपेत किंवा तापात नाही, चांगली शुद्धीत, दिवे आणि लेन बघत, अर्धा रस्ता घोळवत आले.

मला हे इतकं बारकाईनं माहीत होतं ते डॅग्नीमुळे. डॅग्नी माझ्या वर्गातली, शाळेच्या व्हॉलीबॉलच्या संघात माझ्या शेजारी उभी राहणारी. ऑक्टोबरात सहाव्या महिन्यात तिची मुलगी गेली. तेव्हा मीही हॉटडिश नेली होती. पायरीवर ठेवली, बेल वाजवली आणि ती दार उघडायच्या आत गाडीत जाऊन बसले. डॅग्नी अजून बुधवारी येते. दाराजवळच्या टेबलावर, नवऱ्याच्या ढगळ स्वेटरमध्ये बसते, आणि प्रार्थना संपली की पहिली निघते.

शेवटच्या बुधवारी मी लवकर गेले. सोरेन कर्टबरोबर मागून येणार होता. मिसेस सोलबर्गना स्वयंपाकघरात एकटं गाठून सांगायचं होतं. पण काय सांगायचं, नव्हतंच की गेलं, हे तळघराच्या पायऱ्या उतरेपर्यंत माझं ठरलं नव्हतं.

रविवारच्या शाळेच्या खोलीतून आवाज आला. "ब्रिटा? इकडे ये जरा."

डॅग्नी होती. मुलांच्या बुटक्या टेबलावर तिनं एक गोधडी पसरली होती. पिवळी, करड्या चौकोनांची. निम्म्या भागात गाठी मारलेल्या होत्या, निम्म्यात धागे मोकळे लोंबत होते.

"लव्हॉनच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ना, तुझी पुरी झाली नाही," ती म्हणाली. "मीच म्हटलं, ही घ्या."

"ही तुझी आहे."

"माझी नाही. तिची होती." तिनं एक धागा बोटाला गुंडाळला. "सप्टेंबरातच अर्ध्या गाठी मारून झाल्यात. लोकांनी प्रार्थना केल्यात त्यात. कपाटात काय करायच्यात त्या? तुझ्या बाळाला होऊ देत."

मी म्हणाले, "डॅग्नी, बाळ नाहीये."

तिचं तोंड पांढरं पडलं. पुढच्या क्षणी तिनं मला मिठीत घेतलं होतं, घट्ट, स्वेटरला लोकरीचा आणि कांद्याचा वास. "अगं… कधी? कधी गेलं?"

मला काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं उभं राहिलं असतं तरी झालं असतं. तिचा हात माझ्या पाठीवरून फिरत होता, आणि तो असा फिरत होता की ऑक्टोबरात तिच्या पाठीवरून तो कुणी फिरवलेला नव्हता, हे मला कळलं.

"नव्हतंच," मी म्हणाले. "कधीच नव्हतं. नुसतं पोट आहे. मिसेस सोलबर्गनी हात ठेवला आणि मला नाही म्हणता आलं नाही."

हात थांबला. मग निघाला. खोली गरम करणारा रेडिएटर खडखडत होता. भिंतीवर पोरांनी कापसाच्या मेंढ्या चिकटवल्या होत्या.

"इतके आठवडे?"

"हो."

"मी रोज प्रार्थना केली तुझ्यासाठी," डॅग्नी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "हे पोर तरी राहू दे, म्हणून. मला करायची नव्हती, मला तुझा राग येत होता, तरी मी केली."

मी मान वर करू शकले नाही. धरणी दुभंगायला हवी होती, पण खाली फक्त चर्चची फरशी होती. मग डॅग्नीनं दोन्ही हातांनी तो ढगळ स्वेटर मागे ओढून पोटावर ताणून धरला.

पोट माझ्यासारखंच होतं. तसंच, बेंबीपाशी पुढे आलेलं.

"हे बघ. ऑक्टोबरपासून आहे. मला कुणी विचारलं नाही किती महिने झाले. बघतात आणि ब्रेड कापायला लागतात. तूसुद्धा."

"मला दिसलं नाही गं."

"तुला? तुला सगळं दिसतं. पोराच्या कानात मळ आला तर तुला दिसतो." तिनं स्वेटर सोडला. "त्या दिवशी तू गाडीत जाऊन बसलीस. मी खिडकीतून बघत होते. मी दार उघडायलाच येत होते."

ती गोधडीची घडी घालायला लागली. मी मदतीला हात पुढे केला, तिनं तो दिसला नाही असं केलं.

"जा. आर्डिसला सांग. मी नाही सांगणार तुझ्यासाठी."

मिसेस सोलबर्ग पातेलं ढवळत होत्या, लव्हॉन डोळ्याला पट्टी लावून अंदाजानंच ब्रेड कापत होत्या. मी एका श्वासात सांगितलं. मिसेस सोलबर्गची मान कॉलरपासून हळूहळू लाल होत गेली. त्यांनी पळी ठेवली. हात ॲप्रनला पुसले, पुन्हा पुसले.

"मी सगळ्यांसमोर हात लावला तुला."

"मी नाही म्हणायला हवं होतं."

"हो, म्हणायला हवं होतंस!" तो रविवारच्या शाळेतला आवाज होता. "आठ वर्षांची होतीस तेव्हाही अशीच होतीस तू. बाथरूमला जायचंय हे सांगायची नाहीस, बसून राहायचीस, आणि मग खुर्ची मला पुसावी लागायची!"

लव्हॉनची सुरी थांबली.

"मिसेस सोलबर्ग…"

"खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. मला तिसऱ्या बुधवारची उशी आठवली.

बाहेर खुर्च्या सरकत होत्या, लोक जमत होते. मिसेस सोलबर्गनी पळी उचलली आणि माझ्यापुढे धरली. घोषणा त्यांनी केली होती, पण ती मागे घेणं त्यांना झेपलं नसतं. ती पळी मीच घ्यायला हवी होती, तेव्हाच.

मी पातेल्याची कड वाजवली. "ऐका. मला बाळ होणार नाहीये. होणार नव्हतंच. मी तेव्हाच सांगितलं नाही, ही माझी चूक आहे. मिसेस सोलबर्गची नाही." एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण सगळे इतके गप्प होते की मी घाबरून स्नायूंचंही सांगितलं, फटीचं, रोक्सॅनच्या तीन बोटांचं, कुठला व्यायाम चुकीचा आणि कुठला बरोबर याचं. सोरेनला घेऊन नुकताच पायऱ्या उतरलेला कर्ट कोटाच्या कॉलरमध्ये शिरायच्या बेतात होता. लोक वाडग्यांकडे बघत होते. डॅग्नी दाराजवळ बसली होती आणि सरळ माझ्याकडे बघत होती.

"म्हणजे," ऑर्विल म्हणाला, "हिवाळा नेहमीएवढाच होता तर."

कुणी हसलं नाही. "सूप गार होतंय," लव्हॉन म्हणाल्या, आणि रांग पुढे सरकली. मला त्या दिवशी दुसऱ्यांदा वाढून घेतेस का, असं कुणी विचारलं नाही. आमच्याकडे ती फार मोठी शिक्षा असते.

ईस्टरनंतर, छतावरचं बर्फ उतरायला लागलं तेव्हा, एका दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर डॅग्नी. रिकाम्या हातानं. बेल वाजवून ती तिथेच उभी राहिली होती.

"ते बोटांचं तू त्या दिवशी सांगत होतीस, ते दाखव," ती म्हणाली. "मी तुला माफबिफ करायला आलेली नाही."

"बरं," मी म्हणाले.

ती सतरंजीवर सोरेनच्या शेजारी पाठीवर झोपली आणि गुडघे दुमडले. सोरेननं तिच्या केसांना हात घातला, तिनं घालू दिला.

"हात ठेवू का?" मी विचारलं.

"त्यासाठीच आलेय."

मी बोटं ठेवली. "डोकं उचल थोडं." माझी बोटं खाली गेली. तिच्या तोंडाकडे बघायची मला हिंमत नव्हती, म्हणून मी बोटांकडेच बघत राहिले.

"किती?"

"तीन. सैलच आहे."

"लवकर भरून काढणारा कुठला व्यायाम आहे?"

"तसा नाहीये. आधी श्वास सोड. सोडता सोडता खालचं पोट आत घे. आता टाच सरकव, हळू. मधली रेघ वर आली तर थांबायचं."

तिनं श्वास सोडला. टाच सतरंजीवरून लांब गेली. रेघ वर आली नाही. टाच परत आली. कोपऱ्यात एक थेंब पडला, मग आणखी एक.

"तुमचं छत गळतंय," वर बघत डॅग्नी म्हणाली.

"माहीत आहे. गेल्या वर्षीपासून."

"कुणी बोललं नाही?"

"आले त्या सगळ्यांना दिसलं असेल."

"मग मी सांगते. तुमचं छत गळतंय," ती म्हणाली, श्वास सोडला आणि दुसरी टाच सरकवली.